डेस्कटॉपचं वाय-फाय: डोंगल काढला, कार्ड बसवलं

पहिला आठवडा

राउटरपर्यंत केबल ओढणं शक्य नाही, त्यामुळे या डेस्कटॉपला वायरलेसच हवं. आतापर्यंत एका छोट्या यूएसबी डोंगलवर काम चाललं होतं. तक्रार वेगाची नव्हती, भरवशाची होती. राउटरला पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारा छोटा संदेश) लावून ठेवला की दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तरं यायची आणि मध्येच एखादं आठशेवर जायचं. कधी उत्तरच यायचं नाही.

चार दिवस वेळा लिहून ठेवल्या तेव्हा लक्षात आलं की हे बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू असतानाच होतंय. डिस्क यूएसबी ३.० ची आणि डोंगल तिच्या शेजारच्याच पोर्टात. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटच्या सिग्नलमधून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायरलेस माउस अडखळतो त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. मीटरभराच्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल समोरच्या यूएसबी २.० पोर्टाला जोडून टेबलावर ठेवला आणि पिंग शांत झाला. डोंगल वापरणाऱ्या प्रत्येकाने नवीन काही घेण्याआधी हे करून बघावंच.

दुसरा आठवडा

या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. त्याचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झालं आणि डोंगल दिसेनासा झाला. त्याचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये नाही, बाहेरून आणून बांधावा (कंपाइल करावा) लागतो, आणि नव्या कर्नलवर तो बांधला जाईना. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर. शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर, म्हणजे फोनच्याच इंटरनेटवर, काम भागवलं.

त्या रात्री ठरवलं की आता खोका नाही, चिप बघून घ्यायचं. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे सगळ्या बँडची बेरीज असते. १२०० लिहिलेला डोंगल म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिट, तेही कागदावर, आणि एका वेळी एकच बँड. त्यात तो यूएसबी २.० चा असेल तर सगळंच ४८० मेगाबिटच्या आत. शिवाय एकाच मॉडेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत चिपच बदललेली असते, नाव मात्र तेच. म्हणून आवृत्तीचा क्रमांक विचारल्याशिवाय घेऊ नका.

लिनक्सवाल्यांसाठी माझी यादी छोटी आहे. यूएसबीच हवं असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू, तिचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहे. वाय-फाय ६ हवं तर एमटी७९२१ची यूएसबी आवृत्ती, कर्नल ५.१८ पासून. आत स्लॉट मोकळा असेल तर इंटेल एएक्स२१०, कर्नल ५.१० पासून. मी शेवटचं निवडलं.

एएक्स२१० आणि एएक्स२११ मात्र एक समजू नका. दोन्ही दिसायला सारखी, पण २११ चं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं. साध्या पीसीआय एक्सप्रेस कार्डावर किंवा एएमडीच्या बोर्डावर ते चालत नाही.

तिसरा आठवडा

कार्ड बसवलं. एक-लेनचं (छोट्या स्लॉटाचं) कार्ड लांब स्लॉटातही बसतं, तो प्रश्न आला नाही. वेळ गेला अँटेनाच्या तारा जोडण्यात. त्यांची टोपी ज्वारीच्या दाण्याहून लहान. तिरकी दाबली तर कडा वाकते आणि मग ती धरत नाही. बॅटरीच्या उजेडात टोपी बरोबर मधोमध ठेवून नखाने सरळ खाली दाबली, तेव्हा बारीकसं ‘टक्’ जाणवलं. तो टक् येईपर्यंत कॅबिनेट बंद करू नका.

ब्लूटूथ दिसलं नाही तर घाबरू नका. वाय-फाय स्लॉटातून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीवरून. त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डवरच्या ९ पिनच्या यूएसबी हेडरपर्यंत बारीक केबल लावावी लागते. माझ्याकडून ती पहिल्यांदा राहिलीच होती.

आता मुख्य गोष्ट. अँटेना आधी थेट कार्डाच्या मागे आवळले. त्यांच्यामागे भिंत आणि पुढे लोखंडी कॅबिनेट. सिग्नल उणे ७२ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार), वेग मोजणाऱ्या आयपर्फवर २६० मेगाबिट. मग चुंबकाची बैठक आणि तार असलेला अँटेना घेऊन टेबलाच्या वरच्या फळीवर ठेवला. त्याच कार्डावर, त्याच राउटरशी सिग्नल उणे ५८ आणि वेग ६८० मेगाबिट. दर ३ डीबीला शक्ती दुप्पट होते, म्हणजे १४ डीबी हा जवळपास पंचवीस पट फरक. एवढा फरक मला कुठल्याही महागड्या चिपने दिला नसता. खरेदी करताना मी आता आधी एकच बघतो, अँटेना तारेवर बाहेर काढता येतो की नाही.

आजची नोंद

वाय-फायचं पॉवर सेव्हिंग बंद केलं. रात्री आठ तास दर सेकंदाला पिंग चालू ठेवला. २८,८०० पैकी ३ हरवले, तेही लागोपाठ, पहाटे चारच्या सुमारास. राउटरच्या नोंदीत त्याच वेळी चॅनेल बदललेला दिसतो. मी चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ लावली होती, आणि ५ गिगाहर्ट्झवर एवढी रुंदी घेतली की रडारसाठी राखलेले चॅनेल त्यात येतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून हटावंच लागतं. आज रात्री ८० वर आणून, चॅनेल ३६ पक्का करून तेच आठ तास पुन्हा लावतोय.