सांगलीत बोर्श्च आणि प्लोव्ह

रद्दीवाल्याकडून आणलेलं रशियन स्वयंपाकाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक सध्या आमच्या ओट्यावरच असतं, आणि खरं सांगू का, त्यातलं निम्मं रशियन नाहीच. सोव्हिएत काळातलं सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय, जॉर्जियाची चीज भरलेली खाचापुरी काय, उझबेकिस्तानचा प्लोव्ह म्हणजे त्यांचा पुलाव काय. बोर्श्च नक्की कुणाचं यावरून तर किती वाद, शेवटी २०२२ साली युनेस्कोने युक्रेनची बोर्श्च करायची परंपरा तातडीने जपायच्या यादीत घातली.

बोर्श्च म्हणजे बीट, कोबी, बटाटा, गाजराचं आंबटसर सूप. बीट परतताना लिंबू किंवा व्हिनेगर घालायचंच, नाहीतर लालभडक रंग फिका पडतो. वरून स्मेताना, म्हणजे आंबवलेली साय, घाला म्हणतात. मी दुकानं पालथी घालणार होते, तेवढ्यात फ्रिजमधल्या सायीच्या भांड्याकडे लक्ष गेलं. लोण्यासाठी साय साठवून विरजण लावतो ना आपण, ती घुसळायच्या आधी बाजूला काढलेली एक वाटी, झालं काम! आणि शेपू, आमच्याकडे शेपूची भाजी म्हटलं की पोरं ताटावरून उठतात, तिकडे कच्चाच चिरून सूपवर, बटाट्यावर, काकडीवर सगळीकडे भुरभुरवतात. तसा चिमूटभर घातला तर पोरांनी गुपचूप खाल्ला. मटणाच्या पाण्याऐवजी घेवडा घालूनही होतं, चर्चच्या उपासात तिकडे मांस, दूध, अंडी सगळंच वर्ज्य, त्यामुळे बिनमटणाचे प्रकार त्यांच्याकडे भरपूर आहेत. आपल्या श्रावणात चालेल.

पण आमच्या घरात जिंकला तो प्लोव्ह. मटण, गाजर, तांदूळ साधारण समसमान घ्यायचं. गाजर किसायचं नाही, लांब काड्या करायच्या, किसलं की विरघळून जातं. तेलात कांदा, मटण, मग गाजर, जिरं, पाणी, मीठ, मंद आचेवर मटण शिजू द्यायचं, त्यात अख्खा लसणाचा गड्डा न सोलता खोचायचा, वर भिजवलेला तांदूळ पसरायचा आणि हात लावायचा नाही. सासूबाई मागे उभ्या. "अगं हलीव की जरा, खाली लागंल!" म्हटलं आई, हलवलं की सगळा गिचका होतोय. हळद पण नाही म्हटल्यावर तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, सांगलीत राहून बिनहळदीचं मटण म्हणजे काय! मूठभर तासगावचा बेदाणा टाकला, तिकडेही घालतातच, तेव्हा कुठे त्या जरा खूश झाल्या. जाड बुडाचं पातेलं मात्र पाहिजेच, नाहीतर त्यांचं म्हणणं खरं व्हायचं.

पेल्मेनी म्हणजे खिमा भरलेले मोमोच समजा, सायबेरियात थंडीत करून बाहेरच गोठवून ठेवायचे, आपल्याकडे फ्रीझर आहे म्हणून जमतं. कुट्टूच्या (बकव्हीट) दाण्यांची काशा पण केली, नुसती उकडून बटर घालून. मला त्याचा खरपूस वास आवडला, बाकी कुणी दुसरा घास घेतला नाही. नवऱ्याने गुपचूप भडंगाचा डबा काढला आणि मग मीही त्यात हात घातला.