जांभळ्या मिशीवाल्याच्या मागावर, बोरेगोत

फेब्रुवारीअखेर दोन दिवस मोकळे मिळाले आणि सॅन दिएगोहून कॅलिफोर्नियातल्याच अँझा-बोरेगोच्या वाळवंटात गेलो. साधारण दोन तासांचा रस्ता. शेवटचा उतार वळणावळणांचा आहे, गाडी लागत असेल तर पोट हलकं ठेवा.

ओढ होती ती कोस्टाज हमिंगबर्डची. त्याचा भाऊबंद ॲनाज किनाऱ्याच्या शहरांत बाराही महिने असतो. सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कात नुसतं बाकावर बसलं तरी वरच्या फांदीवरून त्याची करकर ऐकू येते. कॅलिप्टे या हमिंगबर्डच्या गटात जाती या दोनच, आणि पुस्तकातल्या चित्रांत फरक अगदी सोपा: ॲनाजच्या नराचं डोकं आणि गळा गुलाबी-लाल, कोस्टाजचा जांभळा, शिवाय गळ्याची पिसं दोन्ही बाजूंना लांब मिशांसारखी बाहेर आलेली.

त्या चित्रांनीच मला फसवलं. पहिल्या सकाळी व्हिजिटर सेंटरभोवतीच्या बागेत एक नर दिसला. डोकं काळं, गळा काळा. वहीत 'काळ्या गळ्याचा कुठलातरी तिसराच' असं लिहूनही टाकलं! दहा मिनिटांनी त्याने मान जराशी वळवली आणि तो काळा रंग जांभळा पेटला. हा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या रचनेचा आहे. ठरावीक कोनातून प्रकाश परतला तरच दिसतो, म्हणून ऊन आपल्या पाठीमागे राहील असंच उभं राहा.

माद्यांचं मात्र अवघड. दोघींची पाठ हिरवी. कोस्टाजची छाती-पोट जास्त स्वच्छ पांढरट, शेपटी आखूड. बसली की पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ पोचतात. ॲनाज मळकट राखाडी, बऱ्याचदा गळ्याच्या मधोमध लालसर ठिपका. माझ्या निम्म्या माद्या वहीत अजून प्रश्नचिन्हासकट आहेत.

खरी ओळख पटली ती कानाने. ॲनाजचा नर तीसेक मीटर वर चढतो, सरळ खाली झेपावतो आणि तळाशी 'चीप्' असा ठसठशीत आवाज काढतो. तो आवाज गळ्यातून येत नाही, शेपटीची बाहेरची पिसं थरथरून होतो. बर्कलीच्या संशोधकांनी 2008 मध्ये ते दाखवून दिलं. कोस्टाज मोठमोठ्या गिरक्या घेताना बारीक, लांबलचक शिट्टी वाजवत जातो. पाम कॅनियनच्या वाटेवर ती शिट्टी आधी ऐकू आली, मग ओकोटियो या काटेरी वाळवंटी झुडपाच्या शेंड्यावर जेमतेम तीन ग्रॅमचा तो जीव सापडला. खाली चुपारोसाचं झुडूप लाल नळकांड्यांसारख्या फुलांनी भरलेलं होतं, आणि तिथे फिरकणाऱ्या प्रत्येकाला तो हुसकावत होता.

जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च गाठा. उन्हाळ्याआधी बरेचसे कोस्टाज वाळवंट सोडतात, आणि तेव्हाच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात आपणही तिथे नसलेलं बरं. उजाडताच चालायला लागा, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. दुर्बीण 8×42 पुरते, पण जवळचं स्पष्ट दिसणारी हवी. माझी चार मीटरच्या आत धूसर होते आणि सगळ्यात धीट नर नेमका तीन मीटरवर येऊन बसला होता. फोटोसाठी शटर 1/2000 सेकंदापेक्षा वेगवान ठेवा. आणि पक्ष्याच्या मागे धावू नका. फुललेलं एक झुडूप निवडून तिथेच बसा, पाचेक मिनिटांत तो परत येतो.