कार्डाची शेवटची ओळ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले आणि सहली, स्नेहसंमेलने, मैदान हे सारे मागे पडून इतिहासाच्या बाई तेवढ्या आठवत राहिल्या. त्यांचे नाव लिहिण्याची आपल्या शाळेत कुणाला गरज भासणार नाही.

बाईंनी आम्हाला सनावळ्या पाठ करायला लावल्या नाहीत. मिळालेली माहिती लावायची कशी आणि दुसऱ्याला सांगायची कशी, हे शिकवले. पोस्टकार्डाएवढ्या कापलेल्या पुठ्ठ्यावर वर साल, त्याखाली विषय, मग दोन-तीन वाक्यांत घटना आणि सर्वांत खाली ती कोठून कळली, असा त्यांचा शिरस्ता होता. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, हे पुस्तकातून उतरवले तरी पानाचा क्रमांक लागे. शेवटची ओळ कोरी असली की कार्ड परत येई. भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन त्यांनी मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, दाखवले, आणि पेशवे दफ्तरातून इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले ते कुणीतरी ते कागद आधी लावले म्हणूनच, हेही तेथेच सांगितले.

पानशेतच्या पुराची कार्डे केली तो दिवस मला लख्ख आठवतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आम्ही ते लिहून आणले होते. एका कार्डावर पाणी सकाळी चढले, दुसऱ्यावर दुपारी. वर्गात वाद पेटला आणि एक कार्ड काढून टाकावे असे ठरू लागले. बाईंनी दोन्ही हातात घेतली आणि विचारले, ‘‘सांगणारा उभा कोठे होता?’’ चौकशीअंती कळले की एक आजोबा नदीकाठी ओंकारेश्वरापाशी होते, तर दुसऱ्या आजी शनिवार पेठेत बऱ्याच आतल्या वाड्यात. मग पेठांचा नकाशा काढून दोन्ही कार्डे आपापल्या जागी टाचली गेली आणि सातवीच्या मुलांना तो पूर आम्ही त्या नकाशावरून, कागद न वाचता, समजावून सांगितला.

आज मी जुन्या सहकारी संस्थांची दप्तरे लावून त्यांच्या सूची करतो. संगणकावरच्या माझ्या तक्त्यातले रकाने बाईंच्या कार्डावरचेच आहेत, आणि या कामाला विद्यापीठातल्या अभ्यासकांची दाद मिळते तेव्हा तिचे श्रेय मनोमन मी बाईंनाच देतो. अप्पा बळवंत चौकातून तयार चित्रांचे तक्ते आणून चिकटवलेले हल्लीचे प्रकल्प पाहिले की वाईट वाटते. ते देखणे असतात, पण खालची ओळ कोठेच नसते.

त्या पुराच्या कार्डांची पेटी ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली होती. ती अजून तेथे असेल, किंवा माझ्या वर्गातल्या कुणाकडे त्यातली काही कार्डे राहिली असतील, तर कृपया शाळेला कळवावे. त्यांची सूची मी करून देईन.