कार्ब्युरेटरला लावलेला कान

आमच्या बैठकीच्या खोलीत सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीखाली एक फोटो लावलाय. येणारा पाहुणा हमखास विचारतो, “जपानच्या गाडीचा फोटो म्हणता, पण यात गाडी कुठाय?” खरंच, गाडी फारशी दिसत नाही. उघडलेलं बॉनेट दिसतं, तेही अर्धंच. दोन वयस्कर माणसं इंजिनावर वाकलेली आहेत. एकाच्या हातात पांढरे सुती हातमोजे आहेत. दुसऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि कानाला काळी रबरी नळी. टोपीवाले आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील.

मी चार वर्षं नागोयाजवळ नोकरीला होतो. त्या काळात जुन्या स्पोर्ट्स कारचे हजारांनी फोटो काढले. मोठा करून भिंतीवर लावावा असा वाटला तो हा एकच.

अप्पा जॉबर. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, यंत्रमाग बिघडला की जो दुरुस्त करतो तो जॉबर. अशोक चौकाजवळच्या एका टॉवेल कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या गदारोळात अप्पा दारात उभे राहून सांगायचे, “सातव्या मागाचं बेअरिंग गेलंय बघ.” मग जाऊन पेचकसाचं टोक मागाच्या सांगाड्याला लावायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा हे कितीदा पाहिलंय. त्यामुळं यंत्राचा विचार करताना मला आधी आवाज आठवतो, रूप नंतर.

जपानमध्ये गाड्यांचं वेड लावलं ते माझ्या सेनपाईंनी. सेनपाई म्हणजे कामावरचे आपले वरिष्ठ, वडीलधारे सहकारी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, बोलणं कमी. त्यांच्याकडं निसानची १९७३ची फेअरलेडी झेड होती, नारिंगी रंगाची. लांबलचक बॉनेट, मागं उतरत जाणारं छप्पर, आत फक्त दोघांना जागा. ही झेड १९६९च्या शेवटी बाजारात आली. टोकियो ते नागोया जोडणारा तोमेई महामार्ग पुरा झाला तोही १९६९मध्येच. देशाला लांबचा वेगवान रस्ता मिळाला आणि त्याच वर्षी त्यावर पळायला ही गाडी. जपानी बाजारातल्या साध्या झेडला दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, १३० अश्वशक्तीचं, आणि त्याला हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे दोन कार्ब्युरेटर. हे दोन कार्ब्युरेटर लक्षात ठेवा, फोटोची गोष्ट त्यांच्यापाशीच येते.

जुन्या गाडीला तिकडं ‘क्यूशा’ म्हणतात. क्यूशा बाळगणं सोपं नाही. दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची कडक तपासणी पास करावी लागते. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांच्या पुढं गेली की वार्षिक कर साधारण पंधरा टक्क्यांनी चढतो. गाडी ठेवायला हक्काची जागा आहे हे दाखवल्याशिवाय शहरात नोंदणीच होत नाही. एवढं सगळं सोसूनही लोक पन्नास वर्षांची गाडी रस्त्यावर ठेवतात. ती झाकून ठेवण्यासाठी घेतलेली नसते. रविवारी पहाटे ती बाहेर निघतेच.

सेनपाईंचं पहाटेचं काम मी कितीतरी वेळा पाहिलं. गल्लीत लोक झोपलेले असतात म्हणून गाडी चालू न करता आधी हातानं ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. मग चोक ओढायचा, किल्ली फिरवायची आणि बाहेर उभं राहून ऐकायचं. या इंजिन तापवण्याला ते ‘दानकी’ म्हणायचे. तोवर मी समोरच्या यंत्रातून गरम कॉफीचे दोन डबे काढायचो. तापमानाचा काटा हलेपर्यंत कोणी आत बसायचं नाही. घाई केलेली त्यांना खपायची नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. थंड इंजिनाला ताण देणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला पळवणं.

फोटोच्या बाबतीत पहिलं वर्ष माझं वाया गेलं असं मी मानतो. नागोयाच्या ओसू भागात जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथून सेकंडहँड निकॉन घेतला आणि उभ्या गाड्यांचे फोटो काढत सुटलो. स्वच्छ, चकचकीत, आणि सगळे मेलेले. शोरूमची जाहिरात वाटावी असे. एके दिवशी सेनपाईंनी माझे फोटो एकेक करून पाहिले आणि एवढंच म्हणाले, “यात आवाज येत नाही.” त्या वाक्यावर मी आठवडाभर विचार करत होतो.

मग शटरचा वेग कमी ठेवून पॅनिंग करायला शिकलो, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायला. गाडी ताशी चाळीसनं समोरून जात असताना शटर एका सेकंदाचा साठावा भाग ठेवायचा, तीसावा जमला तर आणखी चांगलं. पाय घट्ट रोवून कंबरेतून वळायचं, गाडीच्या दाराच्या मुठीवर नजर ठेवायची, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. झाडं रेषा होतात, चाकाच्या आऱ्या विरघळतात आणि गाडी तेवढी स्थिर राहते. दहात एक जमतो. उभ्याच गाडीचा काढायचा असेल तर पुढची चाकं किंचित वळवून घ्यावीत, रिम कॅमेऱ्याकडं दिसेल अशी, आणि कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणावा. काचेवर आभाळ चकाकत असेल तर पोलरायझर, म्हणजे लेन्सवरची चकाकी कापणारी काच, फिरवून ते मारावं, कारण आत बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. माणूस दिसत नसेल तर गाडी पोरकी वाटते. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आणि फोटो कुठं टाकायचा असेल तर नंबरप्लेट झाकायची. तिकडं हा साधा शिष्टाचार आहे.

आमचा नेहमीचा रस्ता इबुकी पर्वताचा. नागोयाहून मेईशिन महामार्गानं सेकिगाहाराला उतरायचं. इथंच १६००मध्ये, पुढं जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूची निर्णायक लढाई झाली. तिथून १७ किलोमीटरचा टोलचा घाटरस्ता थेट १,२६० मीटरपर्यंत चढतो. रस्ता १९६५चा. हिवाळ्यात तो बंद असतो, आणि का ते कळतं: १९२७च्या फेब्रुवारीत या डोंगरावर ११.८२ मीटर बर्फ मोजला गेलाय, जगातला विक्रम. वर मोठा वाहनतळ आहे, समोर बिवा सरोवर. रविवारी तिथं काय काय उभं असतं! १९६५ची टोयोटा स्पोर्ट्स ८००, दोन सिलिंडरची, वजन फक्त ५८० किलो, आपल्या मारुती ८०० पेक्षाही हलकी. चौकोनी स्कायलाइन, जिला सगळे ‘हाकोसुका’ म्हणतात. हाको म्हणजे खोका. कधी तरी मझदा कॉस्मो, १९६७ची, पिस्टन नसलेल्या रोटरी इंजिनाची. तिचा आवाज बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा, एकसुरी गुणगुणल्यासारखा. मालक एकमेकांना वाकून नमस्कार करतात, मग बॉनेट उघडतात, मग तासभर कोणी कुठं हलत नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अप्पांना बोलावून घेतलं. आईनं सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती. पहिल्याच दिवशी त्यांना नागोयातल्या टोयोटाच्या संग्रहालयात नेलं. लाल विटांची जुनी गिरणी, आत अर्धं दालन मागांचं आणि अर्धं गाड्यांचं. पुष्कळांना माहीत नसतं की टोयोटाची सुरुवात मागापासून झाली. साकिची तोयोदांनी १९२४मध्ये असा माग पुरा केला की आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपत आली की माग न थांबता भरलेला धोटा आपोआप आत यायचा. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. त्याच मागाच्या कंपनीत मुलानं, किइचिरोनं, १९३३मध्ये मोटारींचा विभाग उघडला.

तिथल्या माणसानं तो माग चालवून दाखवला. धोटा बदलला, खटका बसला, कापड पुढं सरकलं. अप्पा हलेचनात. आमच्या शेडमध्ये कांडी बदलायला प्रत्येक वेळी माग थांबवावा लागायचा. अप्पांनी तो थांबा किती लाख वेळा ऐकला असेल. त्यांनी तीन वेळा तोच माग चालवायला लावला. मग मला म्हणाले, “शंभर वर्सं झाली की रे याला. आणि आमी आजून हातानं.” त्यांच्या आवाजात चीड नव्हती. काहीतरी जपून ठेवावं तसं ते बोलले.

दुसऱ्या दिवशी नागाकुतेच्या मोटार संग्रहालयात टोयोटा २००० जीटी पाहिली. १९६७ ते १९७०मध्ये जेमतेम साडेतीनशे बनल्या, उंची फक्त १.१६ मीटर. इंजिनाचं आणि जोडणीचं काम यामाहानं केलं, आणि पियानोचं लाकूड हाताळणाऱ्या त्याच घराण्यानं आतला लाकडी डॅशबोर्ड केला. मला ती जगातली सर्वांत सुंदर गाडी वाटते. अप्पांनी बघितली, मान हलवली, आणि विचारलं, “ही चालू करत न्हाईत का?” नाही म्हटल्यावर पुढं निघाले.

रविवारी सेनपाई झेड घेऊन दारात आले. गाडीत दोनच जागा, म्हणून अप्पा त्यांच्या शेजारी आणि मी मागून भाड्याच्या गाडीत. सोलापूरच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना पहिल्या वर्षीच संपला होता, तोवर मी जपानी परवाना घेतलेला. रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूचे, त्यामुळं चालवायला अडचण नाही. सेनपाई त्यांना ‘ओतोसान’ म्हणत होते. ओतोसान म्हणजे बाबा. तिकडं दुसऱ्याच्या वडिलांनाही असंच म्हणतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मागून मला फक्त दोन डोकी दिसत होती, एक टोपीचं.

डोंगराची पानं लाल-पिवळी झालेली. तिसऱ्या वळणाच्या पुढं थांबायची जागा आहे, तिथं आधी पोचून मी दोन खेपा पॅनिंग केलं. चांगले आले. मग वर वाहनतळावर पोचलो तर झेड उभी राहून लंगडत होती. उंचावर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, मग मिश्रण जड होतं आणि इंजिन संथ चालताना धक्के खातं. सेनपाईंनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि डिकीतून हातभर रबरी नळी आणली. नळीचं एक टोक पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. मग दुसऱ्याला. दोन्हीकडून हवा सारख्या आवाजानं आत गेली पाहिजे, तरच सहाही सिलिंडर एका चालीनं चालतात. जुन्या मेकॅनिकांची ही पद्धत आहे.

अप्पा बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला. सेनपाईंनी एक क्षणही न थांबता नळी त्यांच्या हातात दिली.

अप्पांनी पुढच्याला लावली, डोळे मिटले. मागच्याला लावली. पुन्हा पुढच्याला. मग मागच्याकडं बोट दाखवून अंगठा आणि तर्जनीमध्ये किंचित अंतर धरलं, म्हणजे हा एवढासा जास्त ओढतोय. सेनपाईंनी पेचकसानं स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला. अप्पांनी मान हलवली, नाही, अजून थोडा. पुन्हा फिरवला. इंजिन एकदम सरळ झालं, जणू कुणी घसा साफ केला. सेनपाई म्हणाले, “होराऽ!” आणि अप्पा म्हणाले, “हां, आता बोलतंय.”

तेवढ्यात मी फोटो काढला. एकच. दुसरा काढायचं सुचलंच नाही, कारण मला दिसत नव्हतं नीट.

नंतर बिवा सरोवराकडं तोंड करून आम्ही भाकरी खाल्ली. सेनपाईंनी शेंगाचटणी ओनिगिरीच्या भातावर घालून खाल्ली, घाम पुसला आणि पुन्हा मागितली.

परत आलो त्याला आता तीन वर्षं होत आली. होटगी रोडच्या एका डॉक्टरांकडून १९९१ची प्रीमियर पद्मिनी घेतली. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्पोर्ट्स कार नव्हे ती, पण आमच्या गल्लीत लहानपणी लग्नाची गाडी म्हणून हीच यायची. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला इथंही पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, ती नुकतीच झाली. रविवारी पहाटे आम्ही दोघं हिप्परगा तलावावरून तुळजापूरच्या घाटाकडं निघतो. ज्वारी उभी असते तेव्हा सकाळचा उजेड कणसांवरून आडवा येतो आणि पद्मिनीचा पांढरा रंग लोण्यासारखा दिसतो. इबुकीची पानं इथं नाहीत. पण हा उजेड तिकडंही नव्हता.

निघताना सेनपाईंनी अप्पांसाठी ती नळी दिली होती, कागदात गुंडाळून. पद्मिनीला कार्ब्युरेटर एकच, त्यामुळं दोन आवाज जुळवायचा प्रश्न येत नाही. तरी अप्पा घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायला लावतात, बॉनेट उघडतात, नळी लावतात. मी कॅमेरा घेऊन पलीकडं जातो. गेल्या रविवारी विचारलं, “काय म्हणतेय, अप्पा?”

“थांब की,” ते म्हणाले, “ऐकू दे.”