पन्नासची जाळी, एक्कावन्नची जाळी

ग्राफ इतका गुळगुळीत आला होता की मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांचं उत्तर आलं, ‘छान. घसरगुंडी आहे का?’ खरं तर मला घसरगुंडीच हवी होती. आला होता तो जेमतेम उतार, आणि तो चुकीचा आहे हे कळायला आठवडा गेला. का चुकीचा आहे हे कळायला आणखी दोन.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. मला लेझरवर काम करायचं होतं, पण ते उपकरण दुरुस्तीला गेलेलं, म्हणून वाट्याला आलं द्विमितीय आयझिंग मॉडेल. चौकोनी जाळी घ्यायची, प्रत्येक घरात एक स्पिन, म्हणजे एक इवलासा चुंबक, वर किंवा खाली. शेजारच्या चौघांशी जुळलं तर ऊर्जा कमी, उलटं असलं तर जास्त. गार असताना सगळे एका दिशेला, म्हणजे झाला चुंबक. तापवत नेलं की एका ठरावीक तापमानाला एकजूट मोडते. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० मध्ये हे मॉडेल मांडलं आणि आपल्या विद्यार्थ्याला, अर्न्स्ट आयझिंगला, सोडवायला दिलं. आयझिंगने एका रांगेतल्या स्पिनचं गणित सोडवलं, तिथे असं तापमानच सापडत नाही हे दाखवलं, आणि तीन मितींतही सापडणार नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला. (गाईडनी स्वतःहून ही गोष्ट सांगितली तेव्हा जरा धीर आला होता.) दोन मितींचं अचूक गणित लार्स ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये केलं. सोयीची एककं घेतली तर ते तापमान येतं २.२६९.

उत्तर माहीत आहे तर संगणकावर पुन्हा कशाला काढायचं, असं मी सरांना विचारलंच. ते म्हणाले, ‘अगं, उत्तर माहीत आहे म्हणूनच तुला दिलंय.’

पद्धत मेट्रोपोलिसची. यादृच्छिक संख्येने एक घर निवडायचं. तिथला स्पिन उलटवला तर ऊर्जा किती बदलेल ते पाहायचं. कमी होत असेल तर उलटवून मोकळं व्हायचं. वाढत असेल तर पुन्हा एक यादृच्छिक संख्या काढून, तापमानावर ठरणाऱ्या संभाव्यतेनुसार, उलटवायचा की नाही ते ठरवायचं. ही पद्धत मांडणाऱ्या १९५३ च्या शोधनिबंधाला पाच लेखक आहेत आणि मॅनिअॅक संगणकावरचा प्रोग्रॅम लिहिला होता अरियाना रोझेनब्लूथ यांनी. नाव मात्र वर्णक्रमात पहिल्या आलेल्या मेट्रोपोलिस यांचं लागलं. असो.

सरांची अट एकच होती: तोच सीड, म्हणजे सुरुवातीची संख्या, दिला तर त्यांच्या मशीनवर आणि माझ्या लॅपटॉपवर शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर यायला हवं. म्हणून यादृच्छिक संख्यांसाठी तयार फंक्शन न वापरता मी स्वतःच चार ओळी लिहिल्या. आधीच्या संख्येला ११०३५१५२४५ ने गुणायचं, १२३४५ मिळवायचे, ३२ बिटांच्या (म्हणजे बायनरी अंकांच्या) वरचं सोडून द्यायचं. ही जोडी सी भाषेच्या मानकातल्या नमुना प्रोग्रॅममधली, कुठेतरी पाहून डोक्यात बसलेली. आलेल्या संख्येला ५० ने भागलं की बाकी म्हणजे ओळ. पुढच्या संख्येला ५० ने भागलं की बाकी म्हणजे स्तंभ. जाळी ५० बाय ५०, सुरुवातीला सगळे स्पिन वर.

आता तो ग्राफ. तापमान १ ला चुंबकन (वर म्हणजे +१, खाली म्हणजे -१ धरून सगळ्या स्पिनची सरासरी) जवळजवळ १, बरोबर. २ ला ०.९८, ऑन्सागरच्या उत्तराप्रमाणे ०.९१ हवं. ३ ला ०.९४. आणि ५ ला, जिथे जवळपास शून्य यायला हवं, तिथे ०.८३! कुठेही कोसळणं नाही, खाच नाही. चुका सहसा ओबडधोबड दिसतात, ही तर इस्त्री करून आली होती.

आधी वाटलं, प्रोग्रॅमला पुरेसा वेळ दिलेला नाही. १० हजार फेऱ्यांच्या (एका फेरीत जितकी घरं तितके प्रयत्न) १ लाख केल्या, मग १० लाख. लॅपटॉप रात्रभर पंख्यासारखा घरघरायचा आणि रूममेट उशी डोक्यावर घेऊन झोपायची. एरर बार, म्हणजे अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघा, बारीक होत होत दिसेनासे झाले, आकडा होता तिथेच. मग वाटलं, तापमानाच्या एककात घोळ आहे. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. घोळ नव्हता.

शेवटी संशय कडांवर गेला. जाळीची उजवी कड डावीला आणि वरची खालच्याला जोडलेली असते, आणि तिथला हिशोब मी जरा हुशारी करून लिहिला होता. हुशारी काढून टाकली, साधं लिहिलं, आणि गंमत म्हणून आकार ५१ केला. ग्राफ २.२ ते २.४ च्या मध्ये धाडकन कोसळला. मी खोलीत ओरडलेच. चूक कडांमध्येच होती असं सरांना कळवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ५२ ची जाळी चालवली. ५ तापमानाला ०.९२. म्हणजे ५० पेक्षाही वाईट. ५३ ला पुन्हा सगळं ठीक. ६४ ला ०.९९५, म्हणजे जाळी जवळजवळ हललीच नाही. सम आकार बिघडलेले, विषम ठणठणीत. आणि समांमध्येही काही जास्त बिघडलेले. कडांचा काही संबंध नव्हता. सरांना पुन्हा कळवायला लागलं, हे वेगळं.

इतके दिवस मी फक्त सरासऱ्या बघत होते, जाळी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी ५० ची जाळी ५ तापमानाला चालवली आणि स्क्रीनवर छापली: वर असेल तर अधिकचं चिन्ह, खाली असेल तर टिंब. मला नुसता गिचमिडा दिसला. रूममेट संख्याशास्त्राची, चहाचा कप घेऊन मागे उभी होती. म्हणाली, ‘टिंबं फक्त काळ्या घरांतच का आहेत?’

‘कुठली काळी घरं?’

‘बुद्धिबळाच्या पटाची गं.’ आणि तिने स्क्रीनवर बोट टेकवून तिरकं फिरवलं. त्या तिरक्या रेषेवर एकही टिंब नव्हतं. शेजारच्या रेषेवर होती. त्यापुढच्या रेषेवर पुन्हा एकही नाही. ५२ ची छापली, तर चार-चार तिरक्या रेषांपैकी एकीवरच टिंबं.

मग कागद घेऊन बसलो. विषम संख्येने गुणून विषम संख्या मिळवली की समाचं विषम होतं आणि विषमाचं सम. म्हणजे माझ्या ‘यादृच्छिक’ संख्या सम, विषम, सम, विषम अशा कवायत करत येत होत्या. ओळ सम असली की स्तंभ विषम, ओळ विषम असली की स्तंभ सम. आकार सम असेल तर ५० ने भागूनही हे पुसलं जात नाही. पटावरची अर्धी घरं कधीच निवडली जात नव्हती, ती पहिल्या क्षणापासून वरच गोठलेली. शेवटचे दोन बिट दर चार संख्यांनी तेच येतात, म्हणून ५२ मध्ये चौथाईच घरं जिवंत. ६४ मध्ये तर ओळ कळली की स्तंभ ठरलेलाच, म्हणजे ४०९६ घरांपैकी फक्त ६४ हलणार. ५१ ने भागताना मात्र वरचे बिटही बाकीत मिसळतात आणि कवायत मोडते.

मानकातल्या नमुन्यात उत्तर परत देण्याआधी ६५५३६ ने भागलेलं असतं, म्हणजे हे खालचे बिट टाकून दिलेले असतात. माझ्या डोक्यात गुणक राहिला होता, भागाकार गळाला होता.

खरी मजा पुढे आली. ५० च्या जाळीत प्रत्येक जिवंत घराचे चारही शेजारी गोठलेले आणि वर. म्हणजे तो एकटा स्पिन, चार जणांच्या धाकात. याचं गणित बी.एस्सी.च्या मुलालाही येईल: त्याची सरासरी म्हणजे ४ भागिले तापमान याचा हायपरबोलिक टॅन्जंट. ५ तापमानाला तो ०.६६४. अर्धी घरं १, अर्धी ०.६६४, सरासरी ०.८३२. माझे तीन आठवड्यांचे सगळे बिंदू त्या सूत्राच्या रेषेवर मण्यांसारखे ओवले गेले. सर ग्राफ बघून हसले आणि म्हणाले, ‘हेही एक मॉडेलच आहे. तू ते अचूक सोडवलंस. आपल्याला हवं होतं ते नाही, एवढंच.’

पुढचं काम शहाण्यासारखं झालं. यादृच्छिक संख्यांचा जनक बदलून १९९८ चा मर्सेन ट्विस्टर घेतला आणि प्रत्येक घर किती वेळा निवडलं गेलं याची मोजणी प्रोग्रॅममध्येच घातली. एकजूट मोडते त्या तापमानाजवळ मेट्रोपोलिसची पद्धत रखडते. जाळीची बाजू दुप्पट केली की एकमेकांशी संबंध नसलेलं चित्र मिळायला सुमारे साडेचारपट फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत घरं चौपट, म्हणजे काम अठरापट. म्हणून शेवटी एकेका स्पिनऐवजी अख्खा पुंजका उलटवणारी वुल्फची १९८९ ची पद्धत वापरली. तिथेही सरांनी आधीच बजावलं होतं की फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांना १९९२ मध्ये याच पद्धतीत, चांगल्या समजल्या जाणाऱ्या जनकांकडून, चुकीची उत्तरं मिळाली होती. म्हणून दोन वेगळे जनक लावून ताडून पाहिलं. वेगवेगळ्या आकारांच्या जाळ्यांचे वक्र एकमेकांना छेदतात ते तापमान २.२७ च्या आसपास आलं. प्रबंधात याची चौदा पानं आहेत आणि वाचायला ती कंटाळवाणी आहेत.

फसलेला ग्राफ मी परिशिष्टात ठेवला होता. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौदा पानं भराभर उलटली आणि नेमके तिथे थांबले. विचारलं, ‘४८ घेतले असते तर?’

ही जाळी मी चालवली नव्हती. फळ्यावर लिहिलं: ४८ म्हणजे १६ गुणिले ३, म्हणून शेवटचे चार बिट अडकणार, सोळाव्या भागाचीच घरं हलणार, ५ तापमानाला उत्तर ०.९७९.

‘जुना कोड आहे का लॅपटॉपमध्ये?’

होता. बाहेर पुढचा विद्यार्थी ताटकळत होता आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. मिनिटभराने आकडा आला. ०.९७९.