'यांधी'ची तारीख

२९ सप्टेंबर, रात्री

२०१८ साली आजच्या तारखेला अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचा 'यांधी' हा अल्बम यायचा होता. आला नाही. आता कुणी वाटही पाहत नाही. म्हणजे मी पाहत नाही. भाच्याचं वेगळं आहे. त्याच्या लेखी अल्बम केव्हाच आलाय, कारण त्याच्या फोनमध्ये 'यांधी' नावाचं फोल्डरच आहे. एकेका गाण्याच्या तीन-चार फायली, नावापुढे तारखा. एकीत ताल नाही, दुसरीत शब्द सुचले नाहीत म्हणून नुसतं गुणगुणणं, तिसरीत मधेच पाहुण्या गायकासाठी सोडलेली मोकळी जागा. संध्याकाळी चहा घेताना त्याने एक इअरफोन माझ्या कानात खुपसला. "मामा, हे ऐक. ओरिजिनल."

ओरिजिनल म्हणे. जे कधी प्रसिद्धच झालं नाही ते ओरिजिनल. जेवण होईपर्यंत डोक्यात तेच.

तेव्हाचं सगळं आठवतंय. १७ सप्टेंबरला घोषणा झाली. मुखपृष्ठ म्हणजे पारदर्शक डबीत एक मिनीडिस्क (सीडीची छोटी, जुनी भावंड) आणि जांभळी चिकटपट्टी. त्याच्याच २०१३च्या 'यीझस' अल्बमवर अशीच साधी सीडी आणि लाल पट्टी होती. 'यीझस'मध्ये येशू झाला, आता गांधी. इकडे २ ऑक्टोबरपासून गांधींचं दीडशेवं जयंतीवर्ष सुरू व्हायचं होतं. स्वच्छ भारतवाला चष्मा जिथे तिथे दिसत होता (तो चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी काढलेला, हे फार जणांना माहीत नसतं). त्यात शिकागोत वाढलेल्या एका रॅपरने 'ये' या आपल्या टोपणनावात बापूंना कोंबलं. मला हसू आलं आणि रागही आला. जेवढी गाणी नंतर कानावर पडली, त्यात गांधींचा मागमूस नाही.

२९ला रात्री न्यूयॉर्कमध्ये तो 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गाणार होता. तिथले रात्री साडेअकरा म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे नऊ. पोहे खाता खाता मी फोन खालीवर करत बसलो होतो. हा माणूस पेरिए पाण्याच्या बाटलीच्या वेशात आला, शेजारी लिल पंप हा दुसरा रॅपर फिजी पाण्याची बाटली होऊन. शेवटच्या गाण्याला डोक्यावर ट्रम्पची लाल टोपी. प्रक्षेपण संपल्यावरही स्टेजवरून त्याचं भाषण चालूच, ते विनोदवीर क्रिस रॉकने फोनवर टिपलं म्हणून जगाला कळलं. अल्बमचा पत्ता नाही.

मग नवी तारीख मिळाली, २३ नोव्हेंबर. मधल्या काळात तो ११ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्पसमोर बसून बोलला आणि तिथून रेकॉर्डिंगसाठी थेट युगांडाला गेला. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींना स्वतःच्या सहीचे पांढरे बूट भेट दिले. नोव्हेंबरच्या मध्यावर ट्वीट आलं की अल्बम अजून झालेला नाही, झाला की तारीख सांगेन. ती तारीख कधी आलीच नाही.

त्याच्याबाबतीत यात नवल काही नव्हतं. 'सो हेल्प मी गॉड' जाहीर झाला, त्याचा 'स्विश' झाला, मग 'वेव्ह्ज', आणि २०१६च्या फेब्रुवारीत हातात पडला 'द लाइफ ऑफ पाब्लो'. तो बाजारात आल्यावरही हा गाणी दुरुस्त करतच राहिला. म्हणजे एखादी गोष्ट हातावेगळी करणं हा त्याचा पिंडच नाही. तरी 'यांधी'चं प्रकरण निराळं, कारण इथे काम करता करता माणूसच बदलला. २०१९च्या जानेवारीपासून दर रविवारी संडे सर्व्हिस, म्हणजे भक्तिगीतांची बैठक सुरू झाली, गायकवृंद आला, आणि तो म्हणायला लागला की आता फक्त देवाची गाणी. त्याच जुलैमध्ये 'यांधी'ची अर्धीकच्ची गाणी फुटली. स्पॉटिफायवर भलत्याच नावांनी चढली, कुणी तर रिंगटोन म्हणून विकली. कंपनी ती काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ऑक्टोबरच्या २५ला 'जीझस इज किंग' आला (तोही आधी २७ सप्टेंबरला येणार होता, वेगळं सांगायला नको), आणि लोकांनी दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकायला सुरुवात केली. 'द स्टॉर्म'चं 'एव्हरीथिंग वी नीड' झालं होतं. 'चक्राज' उर्फ 'लॉ ऑफ अट्रॅक्शन'चं 'यूज धिस गॉस्पेल'.

हे शेवटचं मी आज परत परत ऐकलं. गाडीत पट्टा न लावता बसलं की डॅशबोर्डवरून जी टिंग टिंग सुरू होते, तशी एकच नोट शेवटपर्यंत वाजत राहते. खाली माणसांच्या गुणगुणण्याचा थर. फुटलेल्या फायलीत हेच आहे, पण गाणं कुठे निघालंय ते त्याला स्वतःलाच माहीत नसावं असं वाटतं. नव्या रूपात त्यावर क्लिप्स या रॅप जोडीतले दोघे भाऊ येतात, पुशा टी आणि नो मॅलिस. धाकट्या पुशाची सगळी कारकीर्द कोकेनच्या धंद्याच्या गाण्यांवर उभी, थोरला धर्माकडे वळलेला. कित्येक वर्षांनी ते एका गाण्यात एकत्र आले. मग केनी जीचा सॅक्सोफोन. केनी जी! लिफ्टमध्ये वाजणाऱ्या संगीताचा राजा म्हणून ज्याची टिंगल करण्यात आमची पिढी वाढली, त्याचा सॅक्सोफोन त्या टिंगटिंगीवर असा बसतो की अंगावर काटा येतो. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे पक्कं झालेलं गाणं आहे. तुझं ते अर्धवट आहे." तो म्हणाला, "म्हणूनच. त्यात तो अजून ठरवतोय."

हे त्याने बरोबर पकडलं होतं. म्हणूनच मला ते झोंबलं.

गांधींनी एके ठिकाणी लिहिलंय की माझ्या दोन लिखाणांत विसंगती सापडली, तर त्यातलं नंतरचं खरं माना. अर्थात माझं डोकं ठिकाणावर आहे यावर तुमचा अजून विश्वास असेल तर. हे 'हरिजन'मध्ये छापून आलं २९ एप्रिल १९३३ला. तेव्हा ते साप्ताहिक पुण्यातून निघायचं आणि गांधी होते येरवड्याच्या तुरुंगात, आमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर. आजवर मी ते वाक्य मोठ्या मनाचं म्हणून वाचत आलो. आज त्यातल्या अटीवर अडकलो. कान्ये हा नियम अक्षरशः पाळतो, त्याच्यासाठी नेहमी शेवटचा मसुदाच खरा. चाहते बरोबर उलटं करतात. त्यांनी गुगल शीटवर त्याच्या फुटलेल्या गाण्यांची सूची ठेवलीय, कुठली फाइल कधीची, कुठली पूर्ण, कुठली नुसता तुकडा, आणि जितकी फाइल जुनी तितका भाव जास्त.

आणि शेवटचाच कान्ये खरा म्हणायचा, तर तो कुठला? २०२२च्या ऑक्टोबरमधली ज्यूंविरुद्धची मुक्ताफळं, त्यापायी आदिदासने तोडलेला करार, डिसेंबरमध्ये मुलाखतीत हिटलरची स्तुती, २०२५च्या मे महिन्यात तर हिटलरच्या जयजयकाराचं गाणंच. बायपोलर असल्याचं त्याने स्वतःच २०१८मध्ये जाहीर सांगितलंय, त्यामुळे ती 'डोकं ठिकाणावर' वाली अट मला त्याच्यावर फेकून मोकळं व्हायचं नाही. आजार असलेली कितीतरी माणसं असलं काही बरळत नाहीत. पण भाचा आणि त्याचे मित्र 'यांधी'ला का चिकटून बसलेत ते मला आता दिसतं. तो असा एकच अल्बम आहे ज्याची जबाबदारी कान्येने घेतली नाही, म्हणून यांनाही घ्यावी लागत नाही. आवडता कलाकार २०१८मध्ये गोठवून ठेवायचा. खरं तर २०१८ही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. गुलामगिरी हा काळ्यांचा स्वतःचा निर्णय वाटतो, हे तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात बोलला होता. ते सोयीस्करपणे विसरलं जातं.

"आणि त्याला पैसेही जात नाहीत," असा भाच्याचा आणखी एक मुद्दा. स्ट्रीम केलं तर जातात, फुटलेली फाइल ऐकली तर दमडीही नाही. ऐकायला फार नैतिक वाटतं. मी विचारलं, मग जातात कुणाला? तर चोरून आणणाऱ्याला. हे लोक चक्क वर्गणी काढून गाणी विकत घेतात, ग्रुप बाय म्हणतात त्याला. गणपतीची वर्गणी द्यायला कुरकुरणारा हा मुलगा दोनदा त्यात सामील झालाय, हे आज बोलता बोलता बाहेर पडलं. ताईला कळता कामा नये.

रॅपर निकी मिनाजचं मात्र मला मनापासून पटतं. 'न्यू बॉडी' हे 'यांधी'तलं सगळ्यात वाजलेलं गाणं, तिचं आणि गायक टाय डोला साइनचं. देवाचं वारं अंगात आल्यावर कान्येला ते भक्तीत बसवायचं होतं. शरीराबद्दलचं गाणं, आणि भक्तीत! तिने कडवं पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, दोघांचं जमेना, गाणं पडून राहिलं. २०२३च्या डिसेंबरमध्ये त्याला अचानक ते हवंसं झालं, तेव्हा तिने जाहीरपणे नाही म्हटलं. इतरांनी आपले तुकडे कुठल्या ना कुठल्या अल्बमात जाऊ दिले. 'हरिकेन' तर 'यांधी'तून निघून २०२१मध्ये 'डोंडा'त गेलं, द वीकेंड आणि लिल बेबीच्या आवाजात, आणि ग्रॅमीही घेऊन आलं. ही एकटी अडून बसली.

भाच्याने गाण्यांचा स्वतःचा क्रम लावलाय. सगळेच लावतात, प्रत्येकाचा 'यांधी' वेगळा. त्याच्या यादीत 'न्यू बॉडी' दुसऱ्या नंबरवर आहे. मी म्हटलं, मूर्खा, ते शेवटी हवं. त्यावर जेवणं होईस्तोवर वाद चालला आणि त्याने मला यादीला हात लावू दिला नाही.