कोणत्या रमाबाई?

दौंडकडे जाणाऱ्या गाडीने हडपसर सोडल्यावर शेजारच्या बाईंनी विचारले, "केडगावला बेटावर चाललात का?" प्रश्न साहजिक होता, कारण केडगाव म्हटले की नारायण महाराजांचे बेट, म्हणजे तिथले दत्तमंदिरच लोकांना आधी आठवते. मी रमाबाईंच्या मुक्ती मिशनला निघालो असल्याचे सांगितले. "रमाबाई म्हणजे बाबासाहेबांच्या?" नव्हे. "मग न्यायमूर्तींच्या?" त्याही नव्हेत. पंडिता रमाबाई म्हटल्यावर त्यांनी नाव ऐकल्यासारखी मान हलवली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महिला दिनाला आमच्या कार्यालयाच्या फलकावर जी छायाचित्रे लागतात, त्यांत ही तिसरी रमाबाई मीही कधी पाहिलेली नाही.

खुटबाव मागे पडले की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो आणि वाऱ्याबरोबर गुऱ्हाळांचा वास येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हा मुलूख कोरडा होता. रमाबाईंनी येथे जमीन घेतली ती फळबागेसाठी, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या पुण्यातल्या शाळेला, शारदा सदनाला, उत्पन्नाचा आधार व्हावा म्हणून. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा या माळावरच विहिरी खोदून वस्ती उभी राहिली; तेच मुक्ती मिशन. स्वतः रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेलेली असल्याने त्या मुलींच्या डोळ्यांत त्यांनी काय पाहिले असेल, याची थोडीफार कल्पना करता येते. 1900 च्या सुमारास येथे जवळपास दोन हजार जणी राहत होत्या.

आवार मोठे, झाडीचे आणि शांत आहे. दगडी चर्चपाशी मी थोडा थांबलो आणि मग मी ज्यासाठी आलो होतो ती वस्तू पाहिली. काचेआड ठेवलेले जाडजूड मराठी बायबल. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यावरून केलेले हे भाषांतर रमाबाईंनी अनेक वर्षे खपून आयुष्याच्या अखेरीस पूर्ण केले; आणि त्याची छपाई येथल्याच बायकांनी येथल्याच छापखान्यात केली. माझे आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत असत, त्यामुळे देवनागरी खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, काय प्रकरण असते ते मला ठाऊक आहे. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे शेकडो खण, आणि प्रत्येक अक्षर उलटे वाचायचे. दुष्काळातून आलेल्या, पूर्वी अक्षरओळख नसलेल्या मुलींचे हात या खणांतून सराईतपणे फिरत होते, हे दृश्य मला कोणत्याही धर्मग्रंथापेक्षा मोठे वाटते. शिवाय भाषा पाहा. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' ही पदवी दिली, त्या बाईने संस्कृतचा सोस सोडून खेड्यातल्या बाईला कळेल असे साधे मराठी निवडले.

मग विसर का पडला? याचे उत्तर अवघड नाही, फक्त उच्चारायला अवघड आहे. 1882 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणाविषयीच्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. शिकलेल्या शंभर पुरुषांतले नव्व्याण्णव स्त्रीशिक्षणाच्या विरोधात असतात आणि बाईचा मोहरीएवढा दोष दिसला तरी त्याचा डोंगर करतात, असे त्यांनी तेथे बजावले. स्त्री डॉक्टर हव्यात, हीही मागणी तेव्हाचीच. तोवर त्या कौतुकाचा विषय होत्या. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कौतुक आटले. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे पुण्याला नेलेल्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पण 1893 मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराचा गवगवा होऊन 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 मध्येच आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली होती. रमाबाईंच्या धर्मप्रचाराविषयी आक्षेप असू शकतात, माझेही काही आहेत. परंतु त्यांच्याइतकेच आक्षेपार्ह वागलेल्या पुरुषांचे पुतळे आपण चौकाचौकांत उभारलेले आहेत.

कबरीपाशी फारसे कोणी नव्हते. मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैत गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

कोणाला जायचे असल्यास एक सांगतो. आत मुली आणि निराधार स्त्रिया आजही राहतात, त्यामुळे कार्यालयात आधी विचारून मगच जावे. आणि स्टेशनबाहेर रिक्षात बसताना "बेट नको, मुक्ती मिशन" असे स्पष्ट सांगावे. मी सांगितले नाही आणि थेट दत्तमंदिराच्या दारात जाऊन उतरलो.